अशोकाची साल, पाव किलो

आमच्या दुकानात बायका आजाराचं नाव घेत नाहीत.
आधी सुंठ मागतात. मग हळद. मग उगाच
जायफळाला नख लावून बघतात,
आणि बाप्या गिऱ्हाईक पायरी उतरलं
की म्हणतात, "ते द्या ना, मागच्या वेळचं."

मला कळतं.
भुलेश्वरच्या या बोळात बेचाळीस वर्षं गेली.
डब्यांवरची नावं पुसली, तरी बोटांना वास पाठ आहेत:
लोध्राला जुन्या दाराचा,
शतावरीला ओल्या पोत्याचा,
हिराबोळाला अशा एका चर्चचा, जिथे मी कधी गेले नाही.

डोंगरीची जुलेखा परकार
लेकीच्या बाळंतपणाला डिंक, कमरकस, बाळंतशेपा नेते,
दर खेपेला सांगते, "हे शेवटचं."
हे पाचवं शेवटचं.
खोताच्या वाडीतली फिलूबाय ओवा चावून बघते
आणि तो तिच्या आईच्या वेळचा नाही म्हणून
माझ्यावरच रागावते.
परवा एक मुलगी आली, गळ्यात ऑफिसचं कार्ड.
तोंडाने काही बोलेना, मोबाईलवरची यादी पुढे धरली.
मी म्हटलं, जास्वंद आम्ही केसांसाठी विकतो, बाई,
पाळीला ती काय करते मला ठाऊक नाही.
ती दचकली, मग हसली.
इतक्या मोठ्याने तो शब्द
तिच्यासमोर कुणी काट्यावर ठेवला नसावा.

वडिलांच्या काळी तर तो दुकानात शिरतच नसे.
वडील पुढे, गल्ल्यावर. आई मागे, पोत्यांच्या आडोशाला.
बाई आईच्या कानाशी लागे,
आई आतून हाक देई:
"तांबडं, दोन रुपयांचं!"
"पांढरं, आठवड्याचं!"
वडील मान वर न करता तोलत.
तांबडं म्हणजे अशोक नि लोध्र.
पांढरं म्हणजे काय ते
मला लग्नानंतर कळलं.
आणि आवाज उतरवून नुसतंच "केशर" म्हणाली
तर ते नागकेशर,
कुणाची तरी कूस उजवायची राहिली होती.

शेवटची दोन वर्षं आईची हाक वाढली.
"तांबडं."
"तांबडं."
पोत्यांआड दुसरं कुणी नसायचं.
वडील तोलत. मी पुडी बांधायची,
दोरा दातांनी तोडायची.
गिऱ्हाईक कोण, ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.
साल चोख होती.
आमच्याकडे भेसळ कधीच नव्हती.

काल वरळी कोळीवाड्याची कमळजा वैती आली.
टोपली बाहेर ठेवली, हात पदराला पुसले.
"अशोकाची साल. पाव किलो."
एवढी?
"रोज रोज कोन येल गो."

मी काट्याला हात लावला नाही.
विचारलं, पाळी जाऊन किती वर्षं झाली?
दुकानात दोन हमाल होते, एक मसालेवाला.
तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
"सा."
आणि हे अंगावरून कधीपासून?
"शिमग्यापासून."
मसालेवाला वेलदोड्यांकडे वळला,
जन्मात वेलदोडे पाहिले नसल्यासारखा.

मी पुडीचाच कागद घेतला.
परळच्या इस्पितळाचं नाव लिहिलं,
मजला, वेळ, सकाळी साडेआठला रांग लागते तेही.
आत काही घातलं नाही,
तरी हाताने सवयीने घडी घातली,
दोरा गुंडाळला, गाठ मारली.

तिने पुडी तळव्यावर तोलली.
"हलकी हाय गो."
हो, म्हटलं.
"किती झालं?"
परत येऊन सांग, मग हिशेब करू.

पुडी चोळीत खोचून ती गेली.
पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बोंबील.
या उंबऱ्याच्या आत मासे यायचे नाहीत
हा वडिलांचा नियम.
मी ते उचलले, हिराबोळाच्या डब्यामागे ठेवले,
आणि संध्याकाळपर्यंत
एकाही डब्याचा वास मला ओळखता आला नाही.